वजनाचा रकाना

आमच्या घराकडे जाताना, डेनव्हरच्या पश्चिमेला लेकवुडमध्ये, कोलफॅक्स अव्हेन्यूलगत एक जुनं आवार लागतं. झाडं उंच, इमारती बुटक्या, मधेच एक छोटंसं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर. सहा वर्षं मी त्यावरून गाडी चालवत गेले आणि मला वाटायचं, असेल कुठलं तरी कॉलेज. (मधली बरीच वर्षं तिथे खरोखरच चित्रकलेचं कॉलेज होतं, त्यामुळे माझं अगदीच चुकलं नव्हतं.) मग एका नोव्हेंबरात नेमका तिथेच टायर बसला. टोइंगवाल्याने तासभर लागेल म्हणून सांगितलं. थंडीत गाडीत बसून राहण्यापेक्षा पाय मोकळे करावेत म्हणून आत शिरले आणि तिथली पाटी वाचली. ज्यूइश कन्झम्प्टिव्ज रिलीफ सोसायटी, स्थापना १९०४.

कन्झम्प्शन म्हणजे क्षय. आमच्या घरात हा शब्द मोठ्याने उच्चारला जात नसे. आईच्या वडिलांना झाला होता तो. इचलकरंजीला मागावर कामाला होते, १९५४ साली मिरजेच्या सॅनेटोरियममध्ये अकरा महिने काढले. आजी सांगताना नेहमी ‘ते हवापालटाला गेले होते’ असंच सांगायची. अकरा महिन्यांचा हवापालट! आम्हा नातवंडांना बरीच वर्षं ते खरंही वाटत होतं.

टायर बदलून झाला, पण पाटी डोक्यातून जाईना. या सोसायटीची कागदपत्रं डेनव्हर विद्यापीठाच्या ग्रंथालयात, रॉकी पर्वताच्या मुलखातल्या ज्यूंचा इतिहास जपणाऱ्या बेक संग्रहात आहेत, असं कळलं. १९०४ पासून पुढे आलेल्या हजारो रुग्णांच्या नोंदी. आधी इमेल करून वेळ घेतली. पेन, पाण्याची बाटली, कोट, सगळं बाहेर. आत फक्त पेन्सिल. एका वेळी एकच खोका आणि खोक्यातली एकच फाइल टेबलावर. पेशवे दफ्तरातले रुमाल सोडून बसणाऱ्या लोकांबद्दल लहानपणी ऐकलं होतं. मला इथे रुमालाऐवजी करड्या पुठ्ठ्याचा खोका मिळाला, एवढाच फरक.

पहिला कागद प्रवेशअर्जाचा होता. नाव, वय, जन्मस्थान, धंदा, लग्न झालंय का, मुलं किती, अमेरिकेत येऊन किती वर्षं झाली. शिंपी होता तो. रशियात जन्मलेला, वय सव्वीस, मुलं तीन. क्षयाला त्या काळात ‘शिंप्यांचा रोग’ म्हणत, हे मला नंतर कळलं. न्यूयॉर्कमधल्या कोंदट खोल्यांत दाटीवाटीने बसून कपडे शिवणाऱ्यांची छाती आधी जायची. अर्जामागे त्याच्या तपासण्यांचा तक्ता जोडला होता आणि तक्त्यात एक रकाना होता वजनाचा. एकशे अठरा पौंड. एकशे एकवीस. एकशे वीस. एकशे चोवीस. आकडे वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या शाईत लिहिलेले. त्या रकान्यावर माझं बोट किती वेळ होतं कोण जाणे. वाचनकक्षातल्या बाईंनी हलक्या आवाजात सांगितलं, कृपया बोट ठेवू नका.

आपल्याकडे ज्यू म्हटलं की कोकण आठवतं. शनवार तेली, अलिबाग, रेवदंडा, नावाला ‘कर’ लावणारी माणसं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून शनवार तेली. नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना दोन उंचवट्यांखाली पुरलं, असं बेने इस्राएल लोक परंपरेने सांगत आले. म्हणजे या किनाऱ्यावरची त्यांची पहिली खूण कुठली, तर पुरल्याची जागा. हे मला कोलोरॅडोचे कागद चाळताना पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. कारण इथेही तसंच झालं होतं.

१८५८ साली कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या शिखराच्या परिसरात सोनं सापडल्याची आवई उठली आणि माणसांचे लोंढे निघाले. त्यांत जर्मन बोलणारे काही ज्यू तरुण होते. बहुतेक जण खाणीत उतरले नाहीत. खाणीत उतरणाऱ्यांना फावडी, चादरी, बूट आणि पीठ विकलं. डेनव्हर तेव्हा गाव म्हणण्याच्याही लायकीचं नव्हतं. तरी १८६० साली या मूठभर लोकांनी मंडळ काढलं आणि त्याच्या नावातच आधी दफन होतं, मग प्रार्थना. रीतसर टेंपल इमॅन्युएल उभं राहायला १८७४ उजाडलं. मला आधी हे विचित्र वाटलं. मग विचार केला तर सरळच आहे. प्रार्थना काय, कुणाच्याही दुकानाच्या मागच्या खोलीत दहा पुरुष जमवून करता येते. मेलेल्या माणसाला ठेवायला मात्र आपली जमीन लागते, आणि ती आजच लागते.

लेडव्हिलची गोष्ट हीच. समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांवर वसलेलं हे खाणीचं गाव. १८७०च्या दशकाच्या शेवटी तिथे चांदी सापडली आणि १८८०च्या जनगणनेत तिथे चौदा हजारांवर माणसं मोजली गेली. दफनभूमी आधी झाली आणि टेंपल इस्राएल १८८४च्या सप्टेंबरात, नव्या वर्षाच्या सणाला उघडलं. जमीन दिली होरेस टेबर या चांदीसम्राटाने, जो स्वतः ज्यू नव्हता. मी गेल्या उन्हाळ्यात तिथे गेले होते. वीस पावलं चाललं की धाप लागते. लाकडी, आटोपशीर इमारत, आत आता संग्रहालय आहे. मधल्या काळात ती मोटारींचे रेडिएटर दुरुस्त करण्याचं दुकान होती, मग भाड्याच्या खोल्या, २००६ साली तिला आग लागली, पुन्हा उभी केली. लेडव्हिलमध्ये धर्मनिष्ठा किती टिकली ते या इमारतीला विचारावं. १८९३ साली सरकारने चांदी विकत घेणं थांबवलं, भाव कोसळले आणि गाव ओसरलं. गाव गेलं की सिनेगॉगही जातं. दफनभूमी तेवढी जागच्या जागी राहते.

त्या दफनभूमीत पुष्कळ कबरी तान्ह्या मुलांच्या आहेत. दहा हजार फुटांवर, थंडीत, न्यूमोनियाच्या साथीत जन्मलेली मुलं. काहींना नावंसुद्धा नाहीत.

या गावातून नशीब काढून बाहेर पडलेलेही होते. डेव्हिड मे नावाचा तरुण १८७७ साली तब्येतीसाठी लेडव्हिलला आला, खाणीत हात पोळले, आणि मग कापडाच्या भिंतींच्या दुकानात तांब्याच्या रिव्हेटच्या पँटी आणि लाल लोकरी अंतर्वस्त्रं विकू लागला. पुढे त्याच दुकानाची मे डिपार्टमेंट स्टोअर्स ही अवाढव्य साखळी झाली. मायर गुगेनहाइमने इथल्या ए. वाय. आणि मिनी या खाणींत पैसा घातला आणि त्यातून जे साम्राज्य उभं राहिलं त्याच्या नावाचं संग्रहालय लोक न्यूयॉर्कला रांग लावून बघतात. पण या दोघांच्या मधे जी तीनशे-एक माणसं होती, सिगार वळणारे, जुने कपडे विकणारे, दारूच्या गुत्त्यात हिशेब ठेवणारे, ती कागदावर कुठे सापडतात? जनगणनेच्या यादीत एक ओळ, गावाच्या निर्देशिकेत पत्ता, वर्तमानपत्रात टोप्यांची जाहिरात. धडधाकट माणूस मागे टोपीची जाहिरात ठेवून जातो. आजारी पडला, मेला, कुणापुढे हात पसरावा लागला, तर मात्र त्याच्याबद्दल पानंच्या पानं लिहिली जातात.

हे काही सगळं खरंच लिहिलेलं असतं असं नाही. कोटोपॅक्सीचं उदाहरण घ्या. १८८२ साली रशियातल्या दंगलींमधून निसटलेली साठेक माणसं न्यूयॉर्कच्या हिब्रू एमिग्रंट एड सोसायटीने आर्कान्सा नदीकाठच्या या डोंगराळ जागी शेती करायला पाठवली. जमिनीची व्यवस्था इमॅन्युएल साल्टिएल या पोर्तुगीज वंशाच्या ज्यू खाणमालकाने केली होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सोसायटीच्या ज्युलियस श्वार्झने तिथे जाऊन अहवाल लिहिला. तो वाचला तर आपणच उठून कोटोपॅक्सीला राहायला जावं असं वाटेल. लोक आनंदी, कष्टाळू, भविष्य उज्ज्वल. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला डेनव्हरच्या ज्यूंनी पाठवलेली माणसं गेली, तर त्यांना दिसली खडकाळ जमीन, करपलेलं पीक आणि थंडीत न टिकणारी घरं. साल्टिएलला शेतकरी नको होते, खाणीला स्वस्त मजूर हवे होते, असा आरोप झाला. लोकांनी पोटासाठी खाणीत आणि रेल्वेमार्गावर कामं केली आणि १८८४पर्यंत वसाहत उठली. एकाच जागेबद्दलचे, काही महिन्यांच्या अंतराने झालेले हे दोन अहवाल. ज्याचे पैसे लागलेले असतात त्याच्या अहवालात पीक नेहमी चांगलं येतं. आमच्या ऑफिसातल्या तिमाही अहवालांचीही हीच तऱ्हा.

डेनव्हरला मात्र पीक वेगळंच आलं. कोरडी हवा, लख्ख ऊन, समुद्रसपाटीपासून एक मैलाची उंची. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. हवा, विश्रांती, दूध आणि अंडी एवढाच उपचार. डॉक्टर रोग्याला पश्चिमेला जा म्हणून सांगत आणि माणसं असतील नसतील ते पैसे तिकिटाला घालून डेनव्हरच्या स्टेशनवर उतरत. कोलोरॅडोला ‘जगाचं सॅनेटोरियम’ म्हणायला लागले होते. गावकऱ्यांना ही कौतुकाची गोष्ट वाटत नव्हती हे सांगायला नको. खोकणाऱ्याला खोली मिळत नसे. रस्त्यावर, बाकड्यावर, दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं रक्त ओकत बसलेली असत.

त्यांच्याजवळ थांबणारी एक बाई होती, फ्रान्सिस वाइसबार्ट जेकब्स. खाणीच्या सेंट्रल सिटीतून डेनव्हरला आलेल्या व्यापाऱ्याची बायको. तिने पैसे जमवण्याचा ध्यास घेतला, गावातल्या धर्मगुरूंच्या मागे लागली, आणि १८९२ साली रुग्णालयाचा पाया घातला गेला तेव्हा ती स्वतः अखेरच्या दिवसांत होती. त्याच वर्षी गेली. इमारत बांधून झाली आणि मग तीच १८९३ची मंदी. लेडव्हिलच्या चांदीने डेनव्हरच्या बँका बुडवल्या, आणि सगळं सज्ज असलेलं रुग्णालय सहा वर्षं कुलूप लावून उभं राहिलं. बाहेर रस्त्यावर माणसं खोकतायत आणि आत रिकाम्या खाटा. अखेर १८९९ साली बने ब्रिथ या संघटनेच्या पैशाने ते नॅशनल ज्यूइश हॉस्पिटल म्हणून उघडलं. ब्रीदवाक्य असं की ज्याला पैसे देणं परवडतं त्याला प्रवेश नाही, आणि ज्याला प्रवेश आहे त्याने पैसे द्यायचे नाहीत. कोलोरॅडोच्या विधानभवनाच्या घुमटात राज्याच्या सोळा आद्य नागरिकांची रंगीत काचेत चित्रं आहेत. त्यांत बाई एकच, ही. मान मोडेपर्यंत वर बघितल्याशिवाय दिसत नाही.

आता इतकं चांगलं रुग्णालय असताना पाच वर्षांत दुसरं कशाला काढलं? हा प्रश्न मला खोके चाळताना पडला होता आणि उत्तर वाचून मी एकटीच हसले. नॅशनल ज्यूइशचे कर्तेधर्ते आधी आलेले, स्थिरावलेले, जर्मन वळणाचे सुधारणावादी ज्यू. ते बरे होण्यासारख्या, सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांनाच घेत. स्वयंपाक कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्याचे नियम पाळणारा, नव्हता. आणि नंतर आलेले रशिया-पोलंडकडचे यिडिश (तिकडच्या ज्यूंची भाषा) बोलणारे गरीब शिंपी आणि फेरीवाले यांना त्या चकचकीत वॉर्डात पाहुण्यासारखं वाटायचं. पाहुणाही नको असलेला. डॉ. चार्ल्स स्पिव्हॅक हा त्यांच्यातलाच. युक्रेनमधल्या क्रेमेनचुगचा, झारविरोधी चळवळीतून पळालेला, फिलाडेल्फियात डॉक्टर झालेला, बायकोच्या प्रकृतीसाठी डेनव्हरला आलेला. त्याने आणि काही कामगारांनी मिळून १९०४ साली ही दुसरी सोसायटी काढली. कुठल्याही टप्प्यातला रोगी घ्यायचा, पार मरायला टेकलेलाही. कोशर जेवण द्यायचं. राहायला इमारत नव्हती, म्हणून तंबू.

पुढे या आवारात शेती झाली, गोठा झाला, स्वतंत्र टपाल कार्यालय झालं, त्याचं नावच ‘स्पिव्हॅक’. पैसा आला तो देशभरातल्या किरकोळ वर्गण्यांमधून. आणि इथेच कागदांचं इंगित आहे. मोठा देणगीदार एकच असला तर हिशेब तोंडी चालतो. हजारो माणसांनी आपल्या मजुरीतून काढून दिलं की पै न् पैची पावती लागते, कोण आला, कशाने बरा झाला, किती वजन घेऊन घरी गेला हे दाखवावं लागतं. गणपतीची वर्गणी काढलेल्या कुणालाही हे सांगायला नको. वजनाचा तो रकाना वैद्यकीय होता हे खरं, पण तो कुठल्याशा गावातल्या टोपीवाल्याला त्याच्या डॉलरचं काय झालं हे सांगणाराही होता.

दोन्ही संस्थांचं वैर वर्षानुवर्षं चाललं. टेंपल इमॅन्युएलचे रब्बाय विल्यम फ्रीडमन एका बाजूला, स्पिव्हॅक दुसऱ्या. एकाच शहरात, एकाच धर्माच्या, एकाच रोगाशी लढणाऱ्या दोन संस्था, आणि भांडण जेवणात काय वाढायचं यावर. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. तरी माझं झुकतं माप स्पिव्हॅकलाच आहे, हे कबूल करते. त्याने कवी यहोआश याच्याबरोबर यिडिशमधल्या हिब्रू शब्दांचा कोश केला; यहोआशही क्षयामुळेच डेनव्हरला आलेला. आणि १९२७ साली मरताना इच्छापत्रात लिहून ठेवलं की माझं शरीर वैद्यकीय विद्यार्थ्यांना द्या, ज्यू आणि बिगरज्यू विद्यार्थी समसमान असू द्या, आणि नंतर सांगाडा जोडून जेरुसलेमच्या विद्यापीठाला पाठवा. मेल्यावरही समतोल सांभाळणारा माणूस. जो समाज दफनासाठी आधी जमीन घेतो, त्याच्यातल्या एकाने स्वतःसाठी कबरच नको म्हणावं, हे मला फार आवडलं.

खोक्यांत यिडिश पत्रं आहेत. ती मला अर्थातच वाचता येत नाहीत. उजवीकडून डावीकडे धावणारी ती अक्षरं बघत राहिले. आमच्या इचलकरंजीच्या घरात पणजोबांच्या वेळचे मोडीतले चार कागद आहेत, ते आम्ही असेच बघतो. कुणाच्या तरी कर्जाचे असतील किंवा जमिनीचे. पत्र कशाबद्दल आहे ते कळत नाही, पण लिहिणाऱ्याला घाई होती का, कागद पुरवून वापरला का, हे कळतं. एका पत्राच्या समासात उभं लिहिलं होतं, अगदी कडेपर्यंत. दुसरा कागद घ्यायला पैसे नसतील, किंवा आठवलं असेल ऐनवेळी.

पुढे इस्राएलची पंतप्रधान झालेली गोल्डा मेयर याच शहरात पंधराव्या-सोळाव्या वर्षी बहिणीकडे राहिली होती. बहीण क्षयाच्या उपचारासाठी आलेली. ते घर आता शहरातल्या ऑरेरिया कॅम्पसवर जपून ठेवलंय आणि माहेरची माणसं आली की आम्ही त्यांना ते दाखवायला नेतो. बहिणीबद्दल कुणी विचारत नाही.

या सगळ्यावरून मला आमचं मंडळ आठवलं. इथे मराठी माणूस येऊन पन्नासएक वर्षं झाली. मंडळाची जुनी कागदपत्रं कुणाच्या तरी गराजमध्ये आहेत असं म्हणतात. कुणाच्या, यावर दर गणपतीत चर्चा होते. स्मरणिका मात्र सगळ्या आहेत. कार्यकारिणीचे फोटो, घरविक्रीच्या जाहिराती, पाककृती, लहान मुलांची चित्रं. त्यांत २००८ साली नोकरी जाऊन घाईघाईने घर आवरून परतलेलं कुटुंब नाही. एका कार्यकर्त्याच्या वडिलांचं इथे भेटीला आले असताना निधन झालं, अस्थी कशा न्यायच्या, कुणी किती पैसे काढले, रात्री दोन वाजता कोणाकोणाला फोन गेले, ते नाही. आम्ही चाळीस जण होतो त्या रात्री. वर्गणीची यादी एका पिझ्झाच्या खोक्याच्या झाकणावर केली होती. तो खोका दुसऱ्या दिवशी कचऱ्यात गेला. मीच टाकला.

डेनव्हरमधल्या त्या शिंप्याचं पुढे काय झालं? त्याच्या तक्त्यात एकशे एकतीस पौंडांपर्यंत आकडे चढतात आणि मग तक्ता संपतो. खाली शेरा: प्रकृती सुधारली, घरी सोडलं. सगळ्यांच्या तक्त्यांखाली असं लिहिलेलं नाही. पुष्कळांच्या तक्त्यात आकडे उतरत जातात आणि मग गोल्डन हिल दफनभूमीचं नाव येतं. तिथे डोंगरउतारावर या रुग्णांच्या कबरी आहेत, बायकामुलं हजार मैल दूर असलेल्या माणसांच्या.

त्या रात्री आईला फोन केला. तिच्याकडे सकाळ होती, कुकर लावलेला ऐकू येत होता. तिला म्हटलं, आजोबांचं मिरजेचं काही आहे का गं, कागद वगैरे. ती म्हणाली, आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत असेल, बघते, पण तुला आत्ता काय करायचंय ते? मग शिंप्याचं सांगितलं. ती ऐकत होती. फक्त एवढंच विचारलं, ‘त्यात वजन लिहिलंय?’

दोन दिवसांनी तिचाच फोन आला. पिवळं पडलेलं कार्ड सापडलं होतं, आजीच्या लग्नातल्या शालूच्या घडीत. नाव, वय, गाव, धंदा. धंद्यापुढे ‘मागवाला’. फोटो काढून पाठव म्हटलं तर तिला मोबाइलचा कॅमेरा नीट धरता येईना, सगळे फोटो हललेले. शेवटी म्हणाली, थांब, वाचूनच दाखवते, तू लिहून घे. चष्मा शोधायला गेली. माझ्याकडे हाताशी पेन नव्हतं, पर्समध्ये वाचनकक्षातली पेन्सिल होती.

‘ब्याण्णव,’ आई वाचू लागली. ‘ब्याण्णव. एक्क्याण्णव. मग चौऱ्याण्णव... हा सहा आहे की शून्य, कळत नाही. शहाण्णवच असेल. शहाण्णव लिही.’